टाकीच्या टोपणावरचा शेंदूर

बोटीवर जनरेटर चालवायचो असं सांगितलं की लोक आधी विचारतात, मुंबईला की कोकणात? मी म्हणतो, इंदापूरला. मग समोरचा माणूस मला जरा निरखून बघतो. त्यानं उजनीचं पाणी पाहिलेलं नसतं. भिगवणपासून खाली पळसदेव, कळाशीकडं उतरत गेलं की इतकं पाणी लागतं, की पलीकडची करमाळ्याची गावं उन्हात नुसती थरथरताना दिसतात. त्या पाण्यावर नव्वदीची बहुतेक सगळी वर्षं मी काढली.

माझं गाव कन्हेरी. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, वडिलांनी शेती धरली. मला दोन्हीचा कंटाळा, म्हणून भवानीनगरला एका वर्कशॉपमध्ये डिझेल इंजिन खोलायला-जोडायला शिकलो. पोहता मला तेव्हा येत नव्हतं आणि आजही येत नाही. काम धरताना मी ते सांगितलं नाही आणि मला कुणी विचारलंही नाही.

बोट बारामतीच्या इस्माइलचाचांची. लोखंडी, रुंद बुडाची, दिसायला गुरांच्या गव्हाणीसारखी. काम असं, की उजनीच्या काठाला शेतकऱ्यांच्या उपसा योजना आहेत. काठावर मोठी विहीर असते, तिला जॅकवेल म्हणतात. धरणातून पाइपानं तिच्यात पाणी येतं आणि तिथून मोटारी ते लांबवर उसाला ढकलतात. धरणातल्या त्या पाइपाच्या तोंडाला जाळी असते. जाळीत जलपर्णी अडकते, मासेमारांची तुटलेली जाळी गुरफटतात, गाळ बसतो, आणि एक दिवस विहिरीत पाणी यायचं बंद होतं. मग कुणीतरी पाण्याखाली उतरून ते सगळं कापून काढायचं. आमच्या बोटीवर ते कुणीतरी म्हणजे महादूनाना.

नाना पाणबुड्याचं काम करायचे. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, अंगानं काटक, बोलायला कमी. तोंडावर मुखवटा, मुखवट्याला नळी, नळीचं दुसरं टोक बोटीवरच्या कॉम्प्रेसरला. कॉम्प्रेसर विजेवर आणि वीज माझ्या जनरेटरवर. काठावर विजेचा भरवसा नसायचा, म्हणून वीज आम्ही बरोबर घेऊन फिरायचो. थोडक्यात, नाना खाली श्वास घ्यायचे तो माझ्या मशीनच्या जिवावर.

जनरेटर जमिनीवर चालवणं आणि बोटीवर चालवणं यात फरक आहे. जमिनीवर तुम्ही अर्थिंगचा खड्डा खणता, मीठ-कोळसा घालता. इथं तांब्याची पट्टी पाण्यात सोडायची आणि ती सुटली नाही ना हे दर तासाला बघायचं. ऑइलची काडी बघायची तर बोट स्थिर होईपर्यंत थांबायचं, नाहीतर एकदा भरलेलं दिसतं आणि एकदा संपलेलं. सगळ्यात मोठी गोष्ट वाऱ्याची. सायलेन्सरचा धूर कॉम्प्रेसरकडं गेला तर तोच धूर खाली माणसाच्या नाकात जातो. म्हणून नांगर टाकण्याआधी मी मूठभर भुसा उडवून वारा बघायचो. चाचा त्याला माझं ज्योतिष म्हणायचे.

आणि एक बल्ब. पॅनेलवर साठचा एक बल्ब मी दिवसाढवळ्या चालू ठेवायचो. मीटर होते, पण मीटर बघायला मान वळवावी लागते. बल्ब डोळ्याच्या कोपऱ्यात असतो. लोड वाढला की तो पिवळा पडतो, इंजिन अडखळलं की लाल होतो. नवीन माणूस हटकून म्हणायचा, “आवो, दिवसा कशाला जाळताय?”

कोऱ्हाळे बुद्रुकचं एक वऱ्हाड एकदा आमच्या बोटीनं पलीकडं निघालं होतं. पाण्याच्या मधोमध नवऱ्याच्या मामांच्या लक्षात आलं, की नवऱ्याचा सफारी चुरगळलाय. त्यांनी पिशवीतून विजेची इस्त्री काढली. लाउडस्पीकर चालू, पंखा चालू, त्यात ही इस्त्री. बल्ब पार विडीच्या टोकाएवढा झाला. मी म्हणालो, “मामा, एक कायतरी बंद करा.” मामांनी विचार करून पंखा बंद केला आणि वऱ्हाडातल्या बायका उतरेपर्यंत माझ्या नावानं बोटं मोडत होत्या. एकदा पक्षी बघणारी शहरातली मंडळी आली. मशीनच्या आवाजानं पक्षी उडतात म्हणून बंद करायला लावलं. केलं बंद. पाचच मिनिटांत एक बाई म्हणाल्या, “पंखा का थांबला?” मी कपाळाला हात लावला नाही, इतकाच माझा मोठेपणा.

असली गिऱ्हाइकं सणासुदीला. एरवी आमचं काम जाळ्या साफ करण्याचं, आणि त्यात चाचांचा एकच नियम होता. मशीन दिवसात एकदा जरी कारण न कळता बंद पडलं, तरी त्या दिवशी माणूस पाण्यात उतरणार नाही. समोर गिऱ्हाइक कितीही मोठं असो. चाचा आवाज चढवून बोलणारे नव्हते, पण या बाबतीत त्यांच्याशी वाद घालायची सोय नव्हती.

दुसरा नियम नानांचा होता. खंडेनवमीला मशीनची पूजा नानाच करायचे. मशीन माझ्या ताब्यात, पण पूजेला मी हात लावायचा नाही. “मला वारा कोन देतंय? हेच ना?” असं म्हणायचे आणि पितळी डबीतून तेलात कालवलेला शेंदूर काढून मशीनला जाडजूड टिळा लावायचे. नारळ फुटायचा. मग त्याच अंगठ्यानं माझ्या कपाळाला टिळा. दर वर्षी तेच वाक्य, “त्याच्या बरूबर तुलाबी.” चाचा मागं उभे राहून खोबऱ्याची वाट बघत. मला त्या टिळ्याची सवय झाली होती. सवय म्हणतोय, पण खरं तर मी वर्षभर त्याची वाट बघायचो.

ज्या वर्षाबद्दल सांगतोय त्या वर्षी खंडेनवमीच्या आधी मी मशीन खोलून साफ केलं आणि त्याला नवा हिरवा रंग दिला. हौसेनं दिला. नाना डबी घेऊन आले तेव्हा मी म्हणालो, “नाना, रंगावर नका लावू. तेल उतरतंय, डाग पडतील.”

“मग कुठं लावू?”

डिझेलच्या टाकीचं टोपण पितळेचं होतं, त्याला रंग नव्हता. मी म्हणालो, “हितं लावा.”

नानांनी टोपणावर भरपूर शेंदूर थापला आणि मग माझ्या कपाळावर टिळा ओढला. दसऱ्याच्या उन्हात टोपणावरचा शेंदूर वाळून कडक झाला. दिसायला छान दिसत होतं.

तीन दिवसांनी कळाशीच्या बाजूला एका योजनेचं काम निघालं. उसाच्या लागणी चालू होत्या आणि जॅकवेल कोरडी पडली होती. चाचा आणि नाना सडकेनं पुढं गेले. मी एकटा बोट घेऊन निघालो. वाटेत जनरेटर चालू करून ठेवला, गरम असलेला बरा म्हणून. अर्ध्या-पाऊण तासानं तो बंद पडला. बोटीचं इंजिन धडधडत होतं. मी टोपण काढून टाकीत बघितलं, डिझेल निम्म्याच्या वर. टोपण लावलं, हँडल मारलं, चालू झालं. म्हटलं, डिझेलच्या नळीत कुठंतरी एअर धरली असेल. नट आवळले.

काठाला लागलो. चाचा योजनेच्या लोकांना माझी ओळख करून देत होते. “ह्यो आमचा दशरथ. ह्याच्या हाताखाली मशीन बंद पडत न्हाय.” योजनेच्या चेअरमननी माझा हात हातात घेतला. मी हसलो.

जेवणाआधी गाळ उपसायला जनरेटरवर पंप लावला आणि पाऊण तासानं मशीन पुन्हा थांबलं. सगळे काठावर बाभळीखाली भाकरी सोडत होते. शेजारच्या शेतकऱ्याचा डिझेल पंप इतका ठोकत होता, की माझं मशीन थांबलेलं कुणाला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा टोपण काढून बघितलं, डिझेल होतं. फिल्टर बदलला. हँडल मारलं, चालू झालं. आवाज एकदम साफ. मी कान देऊन उभा राहिलो आणि स्वतःला पटवलं, की फिल्टरच होता.

चाचांना सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर काम उद्यावर गेलं असतं, आणखी काही झालं नसतं. पण सकाळचं ते वाक्य अजून माझ्या अंगावर नव्या सदऱ्यासारखं होतं. मी हात पुसले आणि भाकरीला जाऊन बसलो.

जेवणं झाली. नाना खाली जाताना चाचांनी शेजारचा पंप बंद करवला. माणूस खाली असताना काठावर गलका नको, हाही त्यांचाच दंडक. नानांच्या कमरेला दोर. एक हिसका म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे दोर सोडा, तीन म्हणजे वर घ्या. दोराचं टोक चाचांच्या हातात. पाणी तिथं तीस फुटांच्या पुढं होतं. नाना विळा घेऊन उतरले आणि वर बुडबुड्यांची रांग तेवढी राहिली.

पाऊण तास होत आला असेल. बल्ब पिवळा पडला. मी पॅनेलकडं बघेपर्यंत लाल झाला आणि विझला. मशीन थांबलं, कॉम्प्रेसर थांबला. कॉम्प्रेसरच्या टाकीत फार तर तीन-चार मिनिटांची हवा.

चाचांनी दोराला तीन हिसके दिले. उत्तर नाही. पुन्हा तीन. दोर ताठ, पण येईना. तो खाली पाइपाच्या एका बोल्टला गुंडाळला गेला होता, हे नंतर कळलं.

“दशरथ, हवा!” चाचा एवढंच म्हणाले.

मी टोपणाला हात घातला. या खेपेला चहूकडं शांतता होती. टोपण फिरवलं आणि टाकीनं आत श्वास ओढला. फुस्स. तो आवाज मी जन्मात विसरणार नाही. टाकीच्या टोपणाला सुईएवढं एक भोक असतं. डिझेल खाली जाईल तशी वरून तेवढीच हवा आत यायला पाहिजे, नाहीतर टाकी डिझेल धरून ठेवते आणि इंजिन उपाशी मरतं. ते भोक शेंदरानं बंद झालं होतं. दर वेळी मी टोपण उघडून बघत होतो, हवा आत जात होती आणि मशीन पुढच्या पाऊण तासापुरतं बरं होत होतं. दोष शोधायला जो हात लावत होतो, त्याच हातानं मी तो झाकत होतो.

एवढं सगळं तेव्हा एका क्षणात कळलं. पण कळून नळीत हवा जात नव्हती. डिझेलच्या नळीचा नट सैल करून आत शिरलेली एअर काढली. पाना दोनदा निसटला. हँडल मारलं, नाही. पुन्हा मारलं, दोन ठोके पडले आणि गप्प. तिसऱ्यांदा धरलं. बल्ब लाल, मग पिवळा, मग पांढरा झाला. कॉम्प्रेसर फिरायला लागला, नळी कडक झाली. मी पाण्याकडं बघत होतो. बुडबुडे नव्हते.

मग आले. भसकन आले, आणि त्यांच्या मागोमाग नाना. घाबरून, दोर कापून, सरळ वर. इतक्या खोलून सावकाश यायचं असतं, नाहीतर दाबानं कान फुटतो. आम्ही दोघांनी त्यांना आत ओढलं. उजव्या कानातून रक्त येत होतं. डोळे उघडे होते. ते माझ्याकडं बघत होते, निदान मला तसं वाटलं.

नाना तिथं पडलेले असतानाच मी खिशातली टाचणी काढून टोपणाचं भोक मोकळं केलं आणि चिंधीनं शेंदूर पुसला.

चाचांनी विचारलं, “काय झालतं?”

“टाकीत कचरा होता.”

“पयल्यांदाच बंद पडलं ना आज?”

“पयल्यांदाच,” मी म्हणालो.

इंदापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, कानाचा पडदा फाटलाय, आता पाण्यात जायचं नाव काढू नका. उजव्या कानानं नानांना पुन्हा ऐकू आलं नाही. चाचांनी त्यांना सोडलं नाही. सोलापूरकडचा एक दुसरा पाणबुड्या आला आणि नाना दोर धरायला लागले. त्यांच्याइतका दोर कुणाला कळणार? खालचा माणूस कुशीवर वळला तरी त्यांना वर समजायचं. पूजा त्यांनी चालूच ठेवली. दर खंडेनवमीला ते टोपणाला शेंदूर लावायचे, माझ्या कपाळाला लावायचे, “त्याच्या बरूबर तुलाबी” म्हणायचे, आणि ते बोटीवरून उतरून गेले की मी टाचणीनं भोक साफ करायचो. मी स्वतःला सांगायचो, की त्यांच्याच पूजेनं त्यांचा कान गेला हे त्यांना कळू नये, म्हणून गप्प आहे. ऐकायला बरं कारण होतं.

पाच-सहा वर्षं अशी गेली. एका दुपारी काम उरकलं होतं, जनरेटरवर किरकोळ वेल्डिंग चाललेलं. चाचा सुकाणूपाशी पान जमवत होते. नाना माझ्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, “दशरथा, टाचणी बदल आता. गंजली असंल.”

माझा हात खिशातल्या टाचणीवर गेला.

“त्या दिशी मी पडल्या पडल्या बघितलं की रं तुला भोक उकरताना. समजलं मला. माझ्याच हातानं झालं ते. देवाला लावायचं तितं लावलं न्हाय, नको तितं लावलं. तू चाचाला बोलला न्हाईस, माझी लाज राखलीस. जागा बदलली तर चाचा इचारंल म्हणून मीबी तितंच लावत ऱ्हायलो, तू मागनं उकरतोस हे ठावं हुतं. मनाला लावून घिऊ नगंस.”

म्हणजे इतकी वर्षं हा माणूस आपला कान आपणच घालवला असं समजत होता, आणि वर माझे उपकार मानत होता. मला बसवेना. मी म्हणालो, “नाना, त्या दिवशी मशीन आधी दोनदा बंद पडलं होतं.”

“आं?”

मी बहिऱ्या बाजूला बसलो होतो. पुन्हा सांगितलं.

“मोठ्यानं बोल. मशीनच्या आवाजात न्हाय यीत.”

मी उठलो आणि मशीन बंद केलं. वेल्डिंगवाला वळून बघायला लागला. बल्ब विझला. त्या शांततेत मी नानांच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. वाटेत एकदा, जेवणाआधी एकदा. शेंदूर टोपणावर लावा हेही मीच म्हणालो होतो, माझा रंग खराब होऊ नये म्हणून. चाचांना खोटं सांगितलं. आवाज पाण्यावरून लांब जातो. चाचांचं पान हातातच राहिलं होतं.

नाना बराच वेळ दोराचं टोक सोडत-बांधत राहिले. मग म्हणाले, “दोन्दा?”

“व्हय.”

“आन् तरी मला सोडलंस खाली.”

“व्हय, नाना.”

“चालू कर मशीन,” ते म्हणाले. “त्यो मानूस खोळंबलाय.”

चाचांनी मला काढलं नाही. रागावलेही नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून माणूस पाण्यात उतरायच्या आधी ते सगळ्यांसमोर मला विचारायला लागले, “दशरथ, आज मशीन थांबलं होतं का?” आणि मी सगळ्यांसमोर उत्तर द्यायचो. एकदा “व्हय” म्हणालो, तेव्हा लांबून आलेली योजनेची माणसं काम न होताच परत गेली. मी बोट सोडेपर्यंत हे रोज चाललं. सुरुवातीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पुढं वाटायला लागलं, की हा प्रश्न पहिल्या दिवसापासूनच विचारायला हवा होता, आणि तो विचारावा असं चाचांना मीच सांगायला हवं होतं.

त्या वर्षीची खंडेनवमी आली. मी मशीन धुऊन-पुसून ठेवलं, झेंडूचा हार आणला. नाना येतील की नाही याची खात्री नव्हती. ते आले. पायातली चप्पल काठावर काढून बोटीवर चढले, डबी उघडली. टोपणाला हात लावला नाही. इंजिनाच्या अंगावर, माझ्या रंगावर, भरघोस टिळा लावला. तेलाचा ओघळ खाली आला, तो मी पुसला नाही. नारळ फुटला. चाचांनी खोबरं घेतलं.

मी नेहमीसारखा पुढं झालो आणि मान थोडी खाली केली.

नानांनी अंगठा धोतराला पुसला. डबीचं झाकण लावलं. मशीनवर एकदा हात फिरवला आणि म्हणाले, “मशीन चांगलं ठिवलंयस.” मग उतरून चप्पल घालून गेले.